कुलपांच्या दुकानातली कप-बशी

वडील गेल्यावर नांदेडचं त्यांचं कुलपांचं दुकान मी चालवायला घेतलं, आणि थोड्याच दिवसांत दुकानातली कुलपंच चोरीला जाऊ लागली. मोठी नव्हे, पेटीची, बॅगेची, मुठीत मावणारी.

मी कॅमेरा लावला. खोटाच, नुसता लाल दिवा लुकलुकणारा. एका गिऱ्हाइकानं त्याच्याकडं बघून केस सारखे केले आणि म्हणालं, "नकलीवाला ना, ताई? आमच्या दुकानात बी हाय."

आई वैतागली. "कुलपाच्या दुकानात चोरी! लोक हसून राहिलेत. आता एक जरी गेलं, तर जागा शेजारच्या मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊन टाकते. तू बस पुस्तकं वाचत."

मला दुकान सोडायचं नव्हतं. खुर्चीच्या गादीला वडिलांचा खोलगट आकार अजून तसाच होता.

भेटायला येणारे म्हणत, "लई दिलदार माणूस. चहा पाजल्याबिगर कुलूप दाखवलं न्हाई कधी."

"दिलदार?" आई आतून म्हणे. "माझ्या भावाला अर्धा कप देत होते!"

चहाची रीत मी मोडली नव्हती. फक्त त्यांच्या कान तुटलेल्या कप-बशा घरी आणून टाकल्या होत्या आणि दुकानात कागदी कप ठेवले होते. धुवायची कटकट नको म्हणून.

एका सकाळी आईनं त्यातल्याच एका कपात मला चहा दिला, काठोकाठ. तेवढ्यात फोन वाजला. एका हातात बिनकानाचा कप, दुसऱ्यात भरत चाललेली बशी. टेबलावर नवीकोरी पुस्तकं, त्यामुळं ठेवायचीही सोय नाही. फोन वाजून वाजून थांबला. मी दोन्ही हातांकडं बघत राहिले.

त्याच दिवशी कप-बशा दुकानात परत नेल्या. दुपारी एक जुनं गिऱ्हाईक आलं; रोज कुलपं हाताळायचं, घ्यायचं कधीच नाही. मी काठोकाठ चहा ओतला आणि सगळी लहान कुलपं त्याच्यासमोर मांडली.

"ताई, हे ठेवू कुठं?"

"असू द्या की हातात. निवांत प्या."

त्यानं प्यायला. चटके खात, कुलपांकडं बघत. मग रिकामी कप-बशी माझ्या हातात देऊन उठला.

"वडलांवरच गेलात," तो जरा नाराजीनंच म्हणाला.

संध्याकाळी आईनं स्वतः कुलपं मोजली. सगळी होती. ती मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांगायला गेली, आणि मी मागं कप विसळत बसले. बराच वेळ.