नंदाखालची पलीकडची खोली

गिरीजच्या सेबेस्टियनला दारू सोडायची होती, पण गावाला कळू न देता. म्हणजे केळीचा घड शर्टाखाली लपवायचा! तो पितो हे साऱ्या गिरीजला वीस वर्षं ठाऊक होतं, त्याची त्याला लाज नव्हती. सोडतोय हे कळायची मात्र भारी लाज. पुरुषांचं डोकं असंच चालतं.

सोडणं तर भाग होतं. मुलीचं, प्रियलचं, लग्न ठरलं त्या दिवशी बायकोने, लुईझाने, भांडी घासता घासता सांगून टाकलं, "लग्नात तोंडाला वास आला, तर पोरीला वेदीपर्यंत माझा भाऊ नेईल. तू बस मागच्या बाकावर." ती ओरडली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. ती ओरडली नाही. रात्री एरवीसारखीच दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "तोंड उघड."

चर्चच्या पत्रकात दोन ओळी होत्या : दारू सोडू इच्छिणाऱ्यांची बैठक, शनिवारी सहा वाजता, नंदाखाल, चर्चमागची खोली. नंदाखाल बरं, तिथे ओळखीचं कोण असणार? कुणाला विचारायला जीभ उचलेना, म्हणून मागे ज्या पहिल्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या दिसल्या, तिथे जाऊन बसला. मंडळी गाऊ लागली. हाही गायला. आधी प्रार्थना होत असेल, मग मुद्द्यावर येतील! दोन शनिवार नुसतं गाणंच झालं. दारूचं नाव कुणी काढेना. त्याला वाटलं, किती सभ्य माणसं.

तिसऱ्या शनिवारी गाणी शिकवणारी रोझलिन म्हणाली, "अंकल, आवाज छान आहे हो तुमचा. उद्या चर्चमध्ये मिस्साला गायला उभे राहाल ना आमच्यात?"

"बाय, मी दारूसाठी आलोय."

कुणीतरी खोकलं. रोझलिनने ओठ दाबून बोट दाखवलं. "ते पलीकडच्या खोलीत."

पलीकडच्या खोलीत सहा माणसं, एक किटली, आणि किटलीपाशी कपात चहा ओतणारा सॅमी. त्याच्याच आळीतला, कुंपणाला कुंपण लागून राहणारा सॅमी. अकरा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

"तू इथे कुठे?"

"आठ महिने झाले. गावात कळू नये म्हणून इतक्या लांब येतो."

"मी पण."

"छान," सॅमी म्हणाला. "चहा घे."

बैठकीत जो तो आपापलं सांगायचा. मध्ये बोलायचं नाही, आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. सॅमीने सांगितलं की एका बारशात पिऊन तो जिवलग मित्राशी भांडला, आणि कशावरून ते आजवर आठवत नाही. सेबेस्टियनला तरी कुठे आठवत होतं? आठवलं ते त्याहून जुनं. वाडीतलं बावखल तेव्हा काठोकाठ भरलेलं असायचं, आणि त्या तळ्यात दुपारभर दोघं म्हशींसारखे डुंबायचे. दहा वर्षांचे असताना काठच्या ताडावरचं मडकं उतरवून दोघांनी ताडी प्यायली होती, एकाच करवंटीतून. घरी सॅमीची आई, आल्बिना, दारात उभी. "तोंड उघड. आता तू." दोघांना झावळीच्या एकाच हिरकुटीने फटके, मग एकाच ताटात भात आणि बोंबलाचं कालवण. आता आल्बिना नाही, ताड नाही. बावखल अर्धं बुजवून इमारत उठली आहे, आणि तिचं नाव म्हणे 'लेक व्ह्यू'!

सात महिने दोघं नंदाखालला शेजारी बसले. गिरीजला मात्र समोरासमोर आले की मान फिरवायचे. इथलं बाहेर न्यायचं नाही ना! असले नियम पाळणारे दोन शहाणे साऱ्या वसईत सापडायचे नाहीत.

लग्न रविवारी होतं. शनिवारी संध्याकाळी नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायला सगळे वाजतगाजत विहिरीवर गेले. लुईझाचा भाऊ कॅल्विन बाटली घेऊनच आला होता. "भावोजी, पहिला घोट बापाचा. रिवाज आहे. पोर काय रोज लग्न करते?"

ग्लास हातात आला. त्या वासात नुसती दारू नव्हती, बावखलाचं पाणी होतं, करवंटी होती, सारं गेलेलं होतं. सेबेस्टियनचा हात वर गेला. मग त्याने ग्लास विहिरीच्या काठावर ठेवला, "आलोच" म्हणाला आणि चालू लागला.

"गेला गुत्त्यावर," मागून कुणीतरी बोललं. बापाशिवाय पाणी भरायचं कसं? लुईझा रिकामी कळशी घेऊन घरी आली आणि दारात उभी राहिली.

सेबेस्टियनने कुंपणावरून हाक मारली. अकरा वर्षांत पहिली.

"सॅमी! स्कूटर काढ. सहा वाजायला आले."

सॅमी बाहेर आला, एका पायात चप्पल. "अरे, आज तुझ्या घरी..."

"म्हणूनच. काढ."

साडेसातला स्कूटर परत आली. बँडवाले वडे खाऊन कंटाळले होते. सगळा मांडव बघत होता. सेबेस्टियन पायरीशी थांबला. लुईझाने कळशी खाली ठेवली.

"तोंड उघड."

त्याने उघडलं. तिने वास घेतला, पुन्हा घेतला. आल्याचा चहा. मग तिची नजर त्याच्या मागे उभ्या असलेल्या, आमंत्रण नसलेल्या माणसाकडे गेली.

"आता तू."

सॅमीने निमूट तोंड उघडलं. मग हळूच सेबेस्टियनला म्हणाला, "बस्त्या, हिच्या हातात हिरकुटी आहे का बघ आधी."

"पाणी खोळंबलंय," लुईझा म्हणाली आणि कळशी सॅमीच्या हातात दिली. "आणि उद्या वेळेवर या दोघं. बापाने पुढे यायचं, दुसऱ्याने मागच्या बाकावर बसायचं."