पुरवून केलेलं काम

माझ्या बापाला कुठलंही काम एका दमात उरकलेलं आवडत नाही. जेवायला बसला तरी भाकरीचा शेवटचा कोर ताटात ठेवून पाणी प्यायला उठेल, अंगणात एक चक्कर मारील आणि मग परत येऊन तो कोर खाईल. मी नेमकी उलटी. किनवटला मुलींच्या वसतिगृहात मी अधीक्षिका आहे. पहाटेच्या घंटेपासून पोरींच्या मागे लागायचं हा माझा धंदा. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले की मी पदर खोचूनच घरात शिरते, आणि मायबापाला धाक बसतो.

लातूर जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. किनवटहून आगगाडी, नांदेडहून एस.टी., असं करत शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात पोचले, तर बा फाट्यावर उभाच. मी कधी येणार हे कळवलं नव्हतं. म्हणजे स्वारी रोज येऊन उभी राहत असणार. पिशवी हातात घेत तो म्हणाला, "उस्मानाबाद गेलं, आता लातूर. जिल्हा जवळ आला, बाई. लेक मात्र हाय तिथंच हाय."

"मग जिल्ह्यालाच सांग ना, घर सारवून दे म्हणून," मी म्हणाले. बा हसला नाही. त्याला विनोद स्वतः केलेलाच आवडतो.

घराची दशा मात्र बघवत नव्हती. बाज इतकी सैल की माय तीत झोळीत झोपल्यासारखी झोपायची. दाराची कडी एका खिळ्यावर लोंबत होती. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, पाणी जायचं पन्हाळ चिंध्या आणि काडीकचऱ्यानं गच्च तुंबलेलं. पाऊस लागायच्या आत माळवदावर पांढरी माती पसरायला हवी, नाहीतर घर गळणार, आणि बाची सत्तरी जवळ आलेली. मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. बाजेची पायथ्याची दोरी ओढून आवळली, कडीला नवे खिळे ठोकले, शिडीवर चढून पन्हाळ मोकळं केलं. माय खालून म्हणत होती, "आगं, दमानं घे की. पळून चाललं का काय घर?"

दोनतीन दिवस गेले आणि बाज पुन्हा सैल. मला वाटलं, दोरीच जुनी आहे. पुन्हा आवळली. मग कडी लोंबायला लागली. बाला विचारलं तर म्हणाला, "मी काल लावताना वढली आसंल जोरात." पन्हाळात पुन्हा चिंधी सापडली तेव्हा मात्र मी शिडीवरच थांबले. चिंधी काही आपल्या पायानं शिडी चढत नाही. बानंच ती कशाला तरी वर नेली असणार आणि विसरला असणार. आमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. आधी वस्तू विसरायचे, मग घरचा रस्ता विसरले. माझा बाप विसरायला लागला, या विचारानं मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

मी सरळ जाहीर करून टाकलं. "तुम्ही दोघं माझ्यासंग किनवटला चला. दोन खोल्या आहेत मला, दारात नळ आहे. इथं तुमच्याच्यानं होत नाही आता."

माय चुलीपुढून बाच्या तोंडाकडं बघत राहिली. कधी नव्हे ते तिच्या डोळ्यांत मला राग दिसला, पण तो माझ्यावर नव्हता, बावर होता. बा उठला, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढली आणि धोतराच्या सोग्यानं काच पुसत बसला. मग हळूच विचारलं, "तिथं भितीला खिळा हाय का?"

"मारू की," मी म्हणाले.

भांडीकुंडी बांधायला घेतली. शेजारच्या ग्यानोबाकाकांना घराकडे लक्ष ठेवायला सांगून झालं. दुसऱ्या सकाळी माय आणि मी पाण्याला गेलो. आमच्या विहिरीनं केव्हाच तळ दाखवला होता, म्हणून गावाबाहेरच्या विहिरीवर जावं लागे आणि तिथं निम्मी सकाळ मोडे. पण त्या दिवशी गर्दी नव्हती. आम्ही लवकर परतलो, आणि अंगणातच माझे पाय थबकले.

बाजेची दोरी वीणेच्या तारेसारखी ताणलेली. दाराची कडी पक्की ठोकलेली, वर तेलाचं बोट फिरवलेलं. आणि माझा बाप माळवदावर. पांढऱ्या मातीच्या पाट्या कधी वर नेल्या कोण जाणे, पण अर्ध्याहून जास्त माळवद त्यानं पसरून, चोपून, सपाट केलं होतं. हात असा चालत होता की माझ्या वसतिगृहातली एक पोरगी त्याला गाठू शकली नसती. मला पाहून तो वरच उकिडवा बसला.

"हे कोणी केलं?"

"म्याच."

"मग सैल कोणी केलं होतं?"

बानं पन्हाळाकडं बघितलं. "ते बी म्याच."

मी डोक्यावरची घागर उतरवायची विसरून तशीच उभी. मायनं ती उतरवून घेतली आणि तिथंच भडका उडाला तिचा. "सांगा की आता लेकीला. बहात्तर सालची खोड हाय ती, बाई. खडी फोडायला होतो की आम्ही दोघं, दुष्काळात. ढीग सरला की काम बंद, आन् काम बंद की मानसं पांगली, कोन कुठं कोन कुठं. म्हनून हे समद्यांला सांगायचे, पुरवून करा, पुरवून करा. तवापासून हेंच्या डोक्यात बसलंय. काम हाय तवर मानूस हाय."

बा माळवदावरून म्हणाला, "तू येतीस, चार दिवसांत समदं लख्ख करतीस, आन् पाचव्या दिवशी पिशवी भरतीस. मागल्या साली सुट्टी बाकी होती तरी गेलीस, काम न्हाई म्हनून. म्हनून यंदा जरा पुरवून करून ऱ्हायलो व्हतो. तू तर आमालाच उचलाया निघालीस. म्हनून घेतलं समदं उरकाया, हितंच ऱ्हाता यावं म्हनून."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. किती घाबरले होते मी. तोंडाला येईल ते बोलले, शिडीवर चढता चढता बोलले, आणि वर पोचेपर्यंत रडायला लागले. त्याचं डोकं ठिकाणावर होतं, माझ्यापेक्षा जास्तच ठिकाणावर होतं. बानं मातीचा हात धोतराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला. मग उरलेलं माळवद आम्ही दोघांनी मिळून केलं, त्याच्या चालीनं. दर दोन पाट्यांनंतर तो बसायचा आणि नव्या जिल्ह्यात काय काय होणार ते सांगायचा. मायनं बांधलेली भांडी सोडली. तसबीर आपल्या खिळ्यावर परत गेली.

सुट्टीतला एकही दिवस मी सोडला नाही. भिंती लिंपल्या, चूल नवी घातली, उरलेला वेळ नुसती बाजेवर लोळले. निघायच्या दिवशी बा फाट्यापर्यंत आला. एस.टी. दिसायला लागली तसा म्हणाला, "मागची भित ऱ्हायली की लिंपायची. इसरलीस?"

"विसरले नाही. पुरवून करतेय. तिला तू हात लावायचा न्हाई. सहामाहीच्या सुट्टीला मी येणार हाय."

बा एस.टी.कडं बघत राहिला, पण मिशीतल्या मिशीत हसला. "मग न्हाई लावीत हात," तो म्हणाला.

सहामाहीला गेले. मागची भिंत होती तशीच होती, दिलेला शब्द त्यानं पाळला होता. फक्त तिच्या शेजारची, मी उन्हाळ्यात नीट लिंपून गेलेली भिंत चांगली हातभर उकरलेली होती.