पालुपीला समस्या सापडेना

पालुपी आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची एक पिशवी, एक प्लास्टिकची फाइल आणि कॉलेजनं नाकारलेले सहा विषय होते. सुईणकीच्या कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष. प्रबंध लिहिल्याशिवाय पदवी नाही, विषय मंजूर झाल्याशिवाय प्रबंध नाही, आणि गावात काहीतरी समस्या आहे हे आधी दाखवून दिल्याशिवाय विषय मंजूर होत नाही. महिनाअखेरपर्यंत विषय ठरला नाही तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. वरच्या डोंगरात बटाटे पिकवणाऱ्या बापानं पोरीच्या पदवीला कापायचा बकरा आधीच ठरवून ठेवला होता. बकऱ्याला घाई नव्हती, बापाला होती.

माझी बायको सुहार्नी ही कारांगसारीची बिदान, म्हणजे शिकलेली, सरकारमान्य सुईण. घराची पुढची खोली तिचा दवाखाना, मधली बाळंतिणींची, आणि राहिलेल्या घरात मी. मी शाळेत भूगोल शिकवायचो. आता निवृत्त आहे, म्हणजे फाटक उघडतो, पाणी तापवतो आणि ओट्यावर घाम पुसत बसलेल्या नवऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. एकालाही पुढे त्यातलं काही आठवत नाही.

पालुपी भित्री होती. स्टुलावर बसताना स्टुलाची माफी मागेल अशी. रडू तिला कशावरूनही यायचं, पण रडताना हातातलं काम थांबायचं नाही. एकीकडे डोळे वाहतायत आणि दुसरीकडे ती रक्तदाब मोजतेय, आणि आकडा बरोबर. हात मात्र देवानं दिलेले. पोट तपासायला लागली की बाया टेबलावरच पेंगायच्या. पण पोट तपासता येतं म्हणून पदवी देत नाहीत.

तिच्या बाई, बू एन्दांग, फोनवर एकच वाक्य लिहायच्या: "समस्या कुठे आहे?"

पालुपी मग समस्या शोधायला घरोघर जायची. परत आली की मी विचारायचो, "मिळाली का गं?"

"नाही, पाक. विचारलं, रक्तवाढीच्या गोळ्या घेता का? म्हणाल्या, हो. रोज? हो. झोपताना? हो. काही त्रास? म्हणाल्या, छे, न्दुक, तू आधी चहा घे."

पाक म्हणजे काका, बू म्हणजे बाई आणि न्दुक म्हणजे पोरी. आमच्याकडे परक्या मुलीलाही असंच म्हणतात, आणि चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. पोटात गावभरचा गोड चहा आणि फाइलीत शंभर टक्के घेऊन ती संध्याकाळी यायची आणि जेवणाला नको म्हणायची.

सुहार्नीला मनातून गुदगुल्या होत होत्या. दवाखान्यातल्या फळ्यावर 'गोळ्या घेणाऱ्या गरोदर स्त्रिया: १००%' असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं आणि रोज ती त्याच्याभोवतीची धूळ पुसायची. "आता माझ्या गावात समस्याच नाही, त्याला मी काय करू?" ती म्हणाली. "तुझ्याआधी प्रबंधासाठी इथं राहून गेलेल्या मुलींनी उगाच काहीतरी शोधून काढलं. तू प्रामाणिक आहेस, म्हणून अडली आहेस."

तेवढ्यात सुपार्तीच्या घरी सातव्या महिन्याचं डोहाळजेवण निघालं. कार्य कुणाचंही असो, शेजारच्या बायांनी त्या घरी कांदे सोलायला जायचं हा आमचा रिवाज. जी जात नाही तिच्याबद्दल तिथे कांदे सोलता सोलता बोललं जातं, म्हणून सगळ्याच जातात. सुहार्नीला एका बाळंतिणीपाशी थांबणं भाग होतं. तिनं आपल्या जागी पालुपीला पाठवलं. आम्ही पुरुष पुढच्या अंगणात चटयांवर धूर काढत बसलो होतो. मागे काय झालं ते मला नंतर पालुपीनंच सांगितलं.

चुलीमागे तिला छोट्या कांद्यांची टोपली दिली. ती सोलत बसली, रडत बसली. कांद्यांमुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. अर्ध्या टोपलीपर्यंत ती कॉलेजची आहे हे सगळ्या विसरून गेल्या.

"काय गं सुपार्ती, त्या लाल गोळ्या घेतेस ना?" एकीनं विचारलं.

"घेते की. आणि मिरचीच्या रोपाला घालते."

"तरीच! मी म्हणते, हिच्याच मिरच्या एवढ्या कशा रसरसल्यात!"

"मी कोंबडीला घातल्या. मेली आठवडाभर माझ्याकडे बघेना."

"खाल्ली की तोंडाला नुसती गंजाची चव. आणि सकाळी परसाकडे मागं वळून बघावं तर सगळं डांबर!"

हसून हसून एकीच्या हातातला बत्ता निसटला. पालुपी मात्र सुरी थांबवून म्हणाली, "माफ करा हं. पण मला तर तुम्ही सगळ्यांनी हो म्हणून सांगितलं होतं."

मग म्हातारी सीनेम बोलली. "न्दुक, तू बिदानच्या घरात राहतेस. तुला नाही सांगितलं म्हणजे तिलाच नाही सांगितल्यासारखं. ही सुपार्ती तिच्याच हातावर जन्मली. माझ्या सुनेला तिनं मरणाच्या दारातून ओढून आणली. तिच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ कशी रेटायची? तिनं सांगावं, आपण हो म्हणावं. तिलाही बरं वाटतं."

"आणि मिरच्यांनाही," सुपार्ती म्हणाली. पुन्हा हसणं सुरू झालं.

पुढे फुलं टाकलेल्या पाण्यानं सुपार्तीला न्हाऊ घातलं. एकामागून एक वस्त्रं तिच्या अंगावर धरायची आणि बायांनी "शोभत नाही, शोभत नाही" म्हणून ओरडायचं, सातव्याला "शोभतं" म्हणायचं. ही वस्त्रं पालुपीच्या हातात होती. ओल्या अंगानं उन्हात उभी असलेली सुपार्ती तिनं पहिल्यांदाच नीट पाहिली. ओठांना रंग नव्हता. गालावर गुलाबाची पाकळी चिकटली होती. ती काढण्याच्या निमित्तानं पालुपीनं तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल असायला हवं, तिथं पांढरं होतं.

संध्याकाळी मी पिंजऱ्यातल्या होल्याला दाणे घालत होतो. पालुपी माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि हे सगळं तिनं सांगितलं. मी म्हटलं, "मग झालं की तुझं काम! मिळाली समस्या."

"ती आपल्या बूंची आहे, पाक."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रबंधाच्या शीर्षकात शेवटी दवाखान्याचं नाव घालायची पद्धत आहे, आणि दवाखान्याचं नाव म्हणजे बिदानचंच नाव. कॉलेजच्या लायब्ररीत सुहार्नीच्या नावाची निळ्या पुठ्ठ्याची बरीच पुस्तकं आहेत. गावच्या बाया हिला फसवतात आणि हिला पत्ता नाही, हे आता तिथंच सोनेरी अक्षरांत छापलं जाणार.

"मी हा विषय देणार नाही," पालुपी म्हणाली. "वर्ष गेलं तर जाऊ दे. बाबांना सांगेन काहीतरी. पण सुपार्तीचं मात्र बूंना सांगायला हवं."

मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही वाटली, कारण माझा सल्ला ओठांवर आला होता तो असा की, कुणालाच काही सांगू नकोस.

सकाळी जेवताना तिनं विषय काढला. आधी हवेबद्दल बोलली, मग बटाट्यांबद्दल, मग म्हणाली, "बू, सुपार्तीच्या अंगात रक्त कमी वाटतं."

"रोज गोळी घेते ती."

"हो, बू."

"मग?"

पालुपीचे डोळे वाहायला लागले. सुहार्नीच्या ताटात भात वाढता वाढता ती म्हणाली, "घेत नाही, बू. कुणीच घेत नाही. मिरच्यांना घालतात."

आमच्याकडे राग आला की आवाज चढत नाही, भाषा चढते. सुहार्नीनं ताट बाजूला सारलं आणि अतिशय अदबीनं म्हणाली, "आपण जेवून घ्यावं. आमची वाट पाहू नये." लग्नानंतर तिनं मला दोनदाच 'आपण' म्हटलं आहे. दोन्ही वेळा मी आठवडाभर शाळेतच जेवलो.

तिनं बॅग उचलली, रक्त तपासायचं यंत्र घेतलं आणि मोटारसायकल चालू केली. पालुपीला बोलावलं नव्हतं. तरी ती धावत जाऊन मागे बसली. हाताला भात तसाच.

तिथलंही पालुपीनंच नंतर सांगितलं: सुपार्तीच्या बोटातून थेंब काढला. अकरा असावं असं रक्त आठसुद्धा भरेना.

"गोळ्या घेतेस?" सुहार्नीनं विचारलं.

"हो, बू," सुपार्ती म्हणाली. यंत्र समोर होतं तरी म्हणाली. मग तिचं लक्ष अंगणातल्या रोपांकडे गेलं आणि तिनं मान खाली घातली.

"भीती वाटते का गं माझी?"

"नाही, बू. तुम्हाला वाईट वाटेल याची वाटते."

सुहार्नी तिथंच पायरीवर टेकली. मग संत्र्याच्या रसाबरोबर एक गोळी तिनं सुपार्तीला समोर बसून गिळायला लावली. चहाबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही, हेही आजच पहिल्यांदा सांगतेय की काय असं तिला वाटलं. लगेच जिल्ह्याच्या इस्पितळात नेऊन दाखवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आता कळलं ते बरं झालं, आणखी दोन महिन्यांनी बाळंतपणातच कळलं असतं तर कठीण होतं.

दुपारी घरी आल्यावर सुहार्नीनं ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसला. आकडा बरेच दिवस तिथं होता, लवकर निघेना. या गावासाठी तिनं किती जेवणं अर्धवट सोडली आहेत ते मला माहीत आहे, कारण ती मी संपवली आहेत.

"विषय लिहिलास?" फडकं पिळत ती म्हणाली.

"नाही, बू. मी पुढच्या वर्षी..."

"फाइल आण."

तिनं सांगितलं, पालुपीनं लिहिलं: 'रक्तवाढीच्या गोळ्या घेतो असं सांगणाऱ्या आणि खरोखर घेणाऱ्या गरोदर स्त्रियांमधली तफावत.' पालुपी शेवटाशी आली, अडखळली आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'बिदान सु. यांचा दवाखाना'.

सुहार्नीनं चष्मा लावला. "हे सु. कोण?"

"बू, नाव झाकलेलं चालतं. बू एन्दांगना मी..."

"या तालुक्यात सु. काय कमी आहेत? सुमियाती आहे, सुलास्मी आहे, ती नवी सुगियार्ती आहे. नसता आळ त्यांच्यावर कशाला? त्यांच्या बाया खातही असतील गोळ्या." तिनं चष्मा काढला. "पूर्ण नाव घाल, न्दुक. गावासकट. 'हो' ऐकून घरी येत होते ती मी होते."

पालुपीनं डोळे पुसले नाहीत. तशीच खाली वाकून तिनं 'सु.' खोडलं आणि पूर्ण नाव लिहिलं.