मी तोडायची, शेवंता बांधायची

निघताना माझ्याजवळ सामानाची यादी होती. दोन ड्रेस, चादर, बारावीची गुणपत्रिका, जवसाच्या चटणीचा डबा. गोंडपिपरीच्या एसटी स्टँडवर ती मी दोनदा तपासली. मला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. माय आणि धाकटी बहीण शेवंता पोचवायला आल्या होत्या. गाडी हलली तशी शेवंता खिडकीशी धावली. "जाय वो बाई! आता हात चालव, हात चालव म्हणून मले कोनी तंगवणार नाई." माय मात्र पाठ फिरवून रिकाम्या पिशवीत काहीतरी शोधत राहिली.

आमच्याकडे कोणी काय करायचं, हे तेंदूपानाच्या हंगामात ठरून गेलं होतं. पहाटे जंगलात पानं तोडायची, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फडावर, म्हणजे ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, द्यायचे. दोन्ही कामांत मी शेवंतापेक्षा पटाईत. ती एक ओझं तोडेपर्यंत माझी तीन व्हायची. मी पाच पुडे बांधले तर तिचे चार. तरी माय मला बांधायला बसू द्यायची नाही. मी चिडायची: माझा पुडा तिच्यापेक्षा नीट असतो!

"असन नीट," माय म्हणायची. "पन तू इथी बसली तं पानं कोन तोडन? थे काय चालत येणार हायेत?"

पुढे हॉस्टेलमधल्या मैत्रिणीनं अर्थशास्त्राच्या पुस्तकातला तुलनात्मक लाभाचा धडा मला समजावला. दोन देश, दोन वस्तू; एक देश दोन्हींत पुढे असला तरी ज्यात तो फार पुढे तेच त्यानं करावं, दुसरं दुसऱ्यावर सोडावं. मला वाटलं, हे तर आमचं अंगण.

बारावीनंतरही मायनं तसंच ठरवलं. धान मीच जास्त भराभर लावायची. "पन धान शेवंताबी लावते," माय म्हणाली. "दवाखान्यातलं तिले जमन का?" म्हणून मी गेले, शेवंता राहिली; लग्नानंतरही गावातच, मायजवळ. मी नागपूरहून पुण्याला नोकरीला लागले. तिकडून औषधं, शेवंताच्या पोरांची पुस्तकं, स्वेटर पाठवायची. इकडून मोहफुलं, चारोळी, नवा तांदूळ यायचा. दोन्ही घरं सुधारली, हे खरंच. याद्या करणारी मी, पण जे राहून गेलं त्याची यादी काही केली नाही. शेवंताच्या दोन्ही बाळंतपणांत मी दुसऱ्याच बाळंतिणींजवळ उभी होते.

मग माय पडली. खुब्याचं हाड मोडलं, चंद्रपूरला ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर आठ दिवसांची रजा काढून मी गेले, ती मायला पुण्याला न्यायचं ठरवूनच. पहिल्याच सकाळी मी तिची आंघोळ, पावडर, स्वच्छ चादर, गोळ्या, सगळं वीस मिनिटांत उरकलं. शेवंताला तासभर लागायचा. मी तिला सरळ सांगितलं, "तुझ्याकडून नीट होत नाही. मी नेते."

"ने ना. तू ड्युटीवर गेली का तिले कोन पाहीन?"

"बाई ठेवीन."

"म्हंजे तू दुसऱ्यांच्या मायांचं करशीन, आन् आपल्या मायचं दुसरी बाई करन?"

मी ओला टॉवेल पिळू लागले. तेवढ्यात खाटेवरून माय म्हणाली, "मंदे, तू लय साफ धुतेस वो. पन मले अजून सांगाचं होतं, तं टॉवेलच आला."

शेवंता तोंडावर पदर धरून हसली. मला हसू आणि रडू दोन्ही आलं. वॉर्डात वीस पेशंट असतात. तिथं मी घाई शिकले होते, आणि त्यालाच चांगलं करणं समजत होते.

माय तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी आंघोळ शेवंतानं घातली. मी बाहेर चुलीवर पाणी तापवत बसले. आत गावभरच्या गोष्टी चालल्या होत्या. कोणाची सून, कोणाची बकरी. माय इतकी हसली की मला आत डोकावून "हळू, माय" म्हणावं लागलं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि आणखीच हसल्या.

गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघालेल्यांना सांगायचं ते एवढंच. माझ्याशिवायही घर नीट चालतं, आणि याचं मला आता वाईट वाटत नाही. त्या सकाळी त्यांच्या गप्पांत पाणी दोनदा गार झालं, आणि दोन्ही वेळा आतून शेवंताची हाक आली, "बाई, आन ना वो आनखी एक बादली!"