दामूच्या बाल्कांवातली चपटी पेन्सिल

त्या सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने भोंगा वाजवला नाही. सायकल गेटला टेकवून तो म्हणाला, "मास्तर, दामूबाब गेले. पहाटेच." मी सवयीने चार उंडे पिशवीत घेतले आणि मग मला कळलं, तो काय म्हणाला ते. साखळीतल्या माझ्या घरापासून कारापूरला दामूचं घर चालत वीस मिनिटांवर. गेल्या चार महिन्यांत मी ती वीस मिनिटं चाललो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोडच लिहायचा मोह होतो.

दामू व्यावसायिक फुटबॉल खेळला. बचावफळीत, सहा वर्षं. दिसायला आडदांड, बोलायला कंजूष. एका सामन्यात गुडघा गेला, आणि इस्पितळात पडल्या पडल्या कुणीतरी पुढे केलेल्या कागदावर त्याने सही केली. त्याला वाटलं, ऑपरेशनची संमती. तो करार संपवल्याचा कागद होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही हसत... मला मात्र हसू आलं नव्हतं.

पुढे वय झाल्यावर आमच्या भागातल्या एका क्लबने त्याला खेळाडूंचं मैदानाबाहेरचं बघायला ठेवलं. म्हणजे नेमकं काय, हे क्लबलाही ठाऊक नसावं. दामूला होतं. नवा खेळाडू आला की त्याचा पहिला प्रश्न, "फुटबॉल सोडून तुका आणखी काय येता?" कुणी "काय नाय" म्हटलं की, "मगे चल." मग कुणाला गाडी शिकायला, कुणाला अर्धवट सुटलेली बारावी पुरी करायला तो स्वतः घेऊन जाई. आणि करार आला की खेळाडूने त्याच्या बाल्कांवात उभं राहून तो मोठ्याने वाचायचा. घराच्या दारापुढच्या त्या ओट्यावर दोन बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे, एकावर दामू, दुसऱ्यावर मी. करार इंग्रजीत, मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, म्हणून माझी वर्णी. वाचणारा अडखळला की दामू त्या शब्दाखाली वडिलांच्या सुतारकामातल्या चपट्या पेन्सिलीने रेघ ओढायचा आणि माझ्याकडे बघायचा. सही तीन दिवसांनी, त्याआधी नाही. मैदानावर कुणाला न घाबरणारे सहा फुटी गडी तिथे एका पानाला घामाघूम व्हायचे. मला त्याची गंमत वाटे, दामूला कधी वाटली नाही.

आमचं बिनसलं ते प्रसादवरून. प्रसाद चोपडे गावचा, आमचा गोलरक्षक. अंतिम सामना आणि त्याची आयटीआयची इलेक्ट्रिशियनची परीक्षा नेमकी एकाच दिवशी आली. दामूने त्याला परीक्षेला बसवलं. आम्ही हरलो. क्लबने दामूला घरी पाठवलं, आणि मी, ज्याने आयुष्यभर पोरांना परीक्षेला बसवलं, संध्याकाळी त्याच्या बाल्कांवात जाऊन तावातावाने म्हणालो, "तुझं मैदान सुटलं, म्हणून आता दुसऱ्यांचं सोडवतोस."

दामूने कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "मास्तर, च्या निवता."

मी तो चहा तसाच ठेवून उठलो. पुन्हा गेलो तो थेट त्याला उचलायला. माझं चुकलं होतं. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पण आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो.

तो गेल्याला दीड महिना झाला असेल, दामूच्या बायकोचा, सुलभावहिनींचा निरोप आला, येऊन जा. गेलो तर बाल्कांवात प्रसाद उभा, हातात कागद. दुसऱ्या एका क्लबचा करार. परीक्षा तो पास झाला होता.

"माझ्याकडे कशाला?" मी विचारलं.

"दामूकाकांनीच सांगितलेलां. मी नसलंय तर मास्तराकडे जा. तो आरडतलो, पण समजावन सांगतलो."

"कधी म्हणाला?"

"सामन्यानंतर... तुम्ही येणां बंद केल्यार."

मी माझ्या नेहमीच्या सोप्यावर बसलो. समोरचा रिकामा होता. प्रसाद वाचू लागला. दुखापत झाली तर उपचार कुणी करायचे, त्या कलमापाशी अडखळला. मी खिसे चाचपले. वहिनींनी आतून ती चपटी पेन्सिल आणून दिली, सोबत दोन कप चहा. मी रेघ ओढली, अर्थ सांगितला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. चहा निवला, तरी या खेपेला मी तो पिऊन टाकला.

"सही करू?" प्रसादने विचारलं.

"तीन दिवसांनी."

तिसऱ्या दिवशी प्रसाद यायच्या कितीतरी आधी मी तिथे जाऊन बसलो होतो.