शिमग्यापासनं मोजलेले महिने

हे मी कुणाला बोलले नाय. मुलाला नाय, देवापुढंसुद्धा नाय. तुम्हाला सांगते — तुम्ही माझे कोण लागता? कुणी नाय, म्हणूनच.

माझा स्वभावच मेला संशयी. दूधवाला, कंडक्टर, डॉक्टर... डॉक्टर तर पहिला. पोटुशी बाई दिसली की लिही तपासणी! आमचं घर वरंधला. मुलगा मुंबईला कामाला, शिमग्याला आला नि चार दिवसांत परत गेला. सून वनिता माझ्यापाशी. तिला दिवस गेले तेव्हा मी बोटांवर मोजलं — शिमग्यापासनं नऊ, म्हणजे मार्गशीर्ष. आमच्याकडे महिने असेच मोजतात, नवरा कधी येऊन गेला त्यावरनं.

सहाव्या महिन्यात तिचं ओटीपोट दुखायला लागलं. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाशी कापूस फिरवून तपासायला पाठवला. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले. बाई म्हणाल्या, यात जे सापडलंय ते एवढ्यात सापडायला नको, बाळ वेळेआधी येऊ शकतं. उद्याच तिला घेऊन या, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देऊन ठेवू.

आता सांगा — मूल लवकर येणार हे कापसाला कसं कळलं? माझ्या मनात पाल चुकचुकली. हे शिमग्याआधीचं तर नाय ना? तेव्हा तर माझा लेक मुंबईत! महिने जुळायचे नायत, म्हणून हिनंच बाईंना पढवलं असेल... आधीच सारवासारव! एसटीत बसून घरापर्यंत मी हेच घोकत आले. किती हलकट मन माझं.

वनिता दारातच उभी होती. "काय म्हणाल्या, आई?"

"सगळं चांगलं हाय गो."

दवाखान्यातनं दोनदा फोन आला. नंबर माझाच दिलेला. दोन्ही वेळा मी कापला.

नवरात्रात तिला कळा सुटल्या. त्या बाईंकडे नेलीच नाय — मुद्दाम दुसरीकडे नेली. मुलगी झाली. माझ्या ओंजळीत मावली असती एवढीशी. अंगभर लव, नखंसुद्धा धड आलेली नाय. तीन बाळंतपणं झालीत माझी, पुऱ्या दिवसांचं मूल मला कळतं. पोरगी शिमग्याचीच होती. माझ्या लेकाचीच. दोन दिवस श्वासासाठी धडपडली, नि गेली.

इंजेक्शनांनी वाचली असती? असती, नसती, कोण सांगणार? वनिताला न्यायला सांगितलं होतं नि मी नेलं नाय, एवढं मात्र खरं. रिपोर्ट मी तेव्हाच चुलीत घातला होता.

वनिता अजून म्हणते, "मीच भरलेला हंडा उचलला, आई, म्हणून गेली ती."

नि मी — दर वेळी तिच्या पाठीवरनं हात फिरवते नि म्हणते, "जाऊ दे गो. पुढल्या वेळी जपून राहा."