तीन अंकांचा खोळंबा

आमची गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, काही नाही, दांडी ओढून डी वर आणली की निघायला हवी. पहिली काही वर्षं निघायचीही. मग तिला सवय लागली. दांडी ओढली की ती जरा विचार करायची. एक, दोन, तीन. मग पोटात ‘धप्प’ असा आवाज व्हायचा आणि ती हलायची. जुनी जर्मन गाडी होती, चिकलठाण्यातल्या एका कारखान्याचे साहेब निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा ह्यांनी हौसेनं घेतलेली. मी तिला म्हातारी म्हणायचे, ह्यांना राग यायचा.

ते तीन अंक ह्यांनी माझ्या नावावर केले होते. सकाळी पावणेनऊला दांडी ओढायची, मान उजवीकडे वळवायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हात वर करायचा. मी खिडकीत असायचेच. हाताला कणीक असली तरी मी आतून हात हलवायचे. मग धप्प, आणि गाडी फाटकाबाहेर. आम्ही काही फार गोडीगुलाबीनं राहणारं जोडपं नव्हतो. दिवसभराचं सगळं प्रेम आम्ही त्या तीन अंकांत उरकून घ्यायचो.

शेवटच्या दिवशी मी खिडकीत नव्हते. ह्यांनी गाडीचं तेल बघायची पट्टी माझ्या नव्याकोऱ्या नॅपकिननं पुसली होती. त्यावरून मी बोलले, हेही बोलले, आणि मी मागच्या खोलीत जाऊन पलंगावर हाताची घडी घालून बसले. गाडी सुरू झाल्याचं ऐकलं. दांडी ओढल्याचं ऐकलं. मग शांतता. त्या दिवशी तीनच्या पुढं गेली ती. चार, पाच. मला वाटलं, उठावं. उठले नाही. मग धप्प झालं. दुपारी ऑफिसातून फोन आला, टेबलावरच गेले.

त्यानंतर चार वर्षं गाडी पोर्चमध्ये कापडाखाली उभी होती. बॅटरीसुद्धा काढून ठेवलेली. तरी पावणेनऊला मला धप्प ऐकू यायचं. सुरुवातीला मी कुणाला सांगितलं नाही, मग सांगण्यासारखं राहिलं नाही, कारण मी रोज त्या वेळेला खिडकीत जाऊन उभी राहायला लागले होते. ते पाच अंक माझ्यासाठी होते का, हा एकच प्रश्न मला खात होता, आणि उत्तर देणारा माणूस गेला होता.

मुलगी बदली होऊन घरी आली तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं, “आई, एक तर विकून टाक, नाहीतर दुरुस्त कर. मला चालवायला होईल.” विकायला माझं मन होईना. मी दुरुस्तीला होकार दिला. खरं कारण तिला सांगितलं नाही. मला गाडी नको होती, मला ते तीन अंक पुन्हा ऐकायचे होते.

ह्यांचा जुना मिस्त्री चिकलठाण्यातच पत्र्याच्या शेडमध्ये काम करतो. त्यानं गिअरबॉक्स उतरवून उघडला आणि मला बोलावून घेतलं. टेबलावर गोणपाट अंथरून त्यानं सगळे भाग ओळीनं मांडले होते. जळक्या तेलाचा वास सुटला होता. त्यानं रबराची एक काळी कडी माझ्या हातात दिली. मी जरा वाकवली तर ती काचेच्या बांगडीसारखी मोडली.

“हे सील व्हय ताई. रबर ऱ्हायलंच नाय, पार लाकूड झालंय. सील कडक झालं की तेलाचा दाब बसत नाय. दाब बसंस्तोवर गाडी थांबते. थंडीत तर लईच थांबते.”

“थांबायची ती,” मी म्हणाले. “तीन अंक.”

“अन् थांबते म्हंजी निवांत उभी नसती. आत गिअर धरणारी पाती घासत्यात, जळत्यात. ही बघा.”

पाती कोळशासारखी काळी पडली होती. ह्यांनी माझ्याकडे बघत काढलेला एकेक क्षण तिथं जळून बसला होता.

मिस्त्रीनं मग दोन पाकिटं पुढं ठेवली. एकात जर्मनीचं एकच सील होतं, नमुन्याला. तसला पुरता संच मागवायला महिना लागणार होता. दुसऱ्यातलं सील औरंगपुऱ्यातल्या दुकानातून आणलेलं, मापाला माप, त्याच दिवशी बसवता येण्यासारखं.

“दिसाया दोन्ही सारखीच,” तो म्हणाला. “पण हे कुठं बनतं ते दुकानदाराला बी ठाऊक नाय. गरम तेलात आधी फुगतं, मग कडक होतं. सा-आठ महिन्यात तुमची गाडी परत तीन अंक थांबंल.”

“नक्की?”

“लिहून देतो.”

त्याला वाटलं मी घाबरेन. मी म्हणाले, “मग तेच टाका.”

त्यानं हात पुसायचे थांबवले. “घाई हाय का ताई तुम्हाला?”

मी बेधडक हो म्हणून टाकलं.

“चालवणार कोण?”

“मुलगी.”

“जालना रोडला वळताना मधीच गाडी अडली अन् मागून ट्रक आला, तर?” दोन्ही प्रकारचं एकेक सील आणि बाटलीभर तेल त्यानं माझ्या पिशवीत घातलं. “घरी न्या. तेलात ठेवा, रोज जरा कोमट करा. आठ दिवसांनी सांगा काय टाकायचं ते.”

आठ दिवस माझ्या ओट्यावर दोन वाट्या होत्या. ते तेल लालभडक, गुलाबाच्या सरबतासारखं. मुलगी म्हणाली, “आई, हे काय शिजवतेयस?” मी म्हणाले, तुझ्या बापाची गाडी. रोज सकाळी पावणेनऊला मी वाट्या कोमट करायचे आणि मनातल्या मनात त्या बाजारातल्या सीलची बाजू घ्यायचे. मला लाज वाटत होती. मुलीच्या जिवाशी मी असा खेळ मांडला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

आठव्या दिवशी दोन्ही बाहेर काढली. जर्मनीच्या सीलवर नख रुतवलं, काढलं, खूण लगेच गेली. दुसरं फुगून ढिलं पडलं होतं. नखाची खूण तशीच राहिली, मी बराच वेळ बघत बसले तरी राहिली. तेव्हा मला कळलं की आठ महिन्यांनी जे परत येईल तो नुसता रबराचा खोळंबा असेल. त्यात हे नसतील. मी मिस्त्रीला फोन करून सांगितलं, चांगलं तेच टाका, लागू दे महिना.

महिन्यानं गाडी आली. मिस्त्रीनं पोर्चमध्ये उलटी घेऊन उभी केली, ह्यांच्यासारखीच. मुलगी म्हणाली, “पहिल्यांदा तू बस, मी चहा टाकते.” हर्सूल तलावाच्या रस्त्यावर ह्यांनी रविवारी रविवारी मला गाडी शिकवली होती, पण आमच्या पोर्चमध्ये मी गाडीत कधीच बसले नव्हते. नेहमी फाटक लावून बाहेर रस्त्यावर गाडीत बसायचे. मिस्त्री शेजारी बसला. मी ब्रेकवर पाय ठेवून दांडी ओढली. गाडीनं त्याच क्षणी गिअर घेतला. आवाज नाही, धक्का नाही.

मी मान वळवून खिडकीकडे बघितलं. डासांच्या जाळीवर सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं. नुसती पांढरी जाळी दिसत होती.

“कुठंयस गं?” मी ओरडले.

“इथंच, खिडकीत!” आतून मुलीचा आवाज आला. “कधीची हात हलवतेय, दिसत नाहीये का?”

दिसत नव्हती. मी पुढं झुकले, मागं सरले, तरी नाही. ढगाळ दिवशी एखादवेळ दिसत असेल माणूस. पण त्या शेवटच्या दिवशीही असंच ऊन होतं, मला पक्कं आठवतं. इतकी वर्षं हे रोज त्या पांढऱ्या जाळीला हात करत होते. मी आत आहे असं हे धरून चालले होते. त्या सकाळी मी तिथं नव्हते, हे ह्यांना कधी कळलंच नसणार.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडले. मिस्त्री घाबरून खाली उतरला, आणि मुलगी आतून विचारत राहिली, काय झालं, गाडी परत बिघडली का.